ठाणे स्टेशन : एका दुपारच्या पलीकडे

१६ एप्रिल १८५३ या एका तारखेने ठाणे स्टेशनला जेवढा लौकिक मिळवून दिला, तेवढीच त्या स्टेशनच्या इतिहासाची उपेक्षाही घडवून आणली, हे विधान धाडसाचे वाटले तरी ते खरे आहे. शाळेतल्या मुलापासून सरकारी समारंभातल्या वक्त्यापर्यंत सर्वांना बोरीबंदर, ठाणे, एकवीस मैल, तीन इंजिने आणि एकवीस तोफांची सलामी एवढा तपशील मुखोद्गत असतो. परंतु तो समारंभ आटोपून तंबू उतरवले गेल्यावर त्या स्टेशनात काय घडू लागले, पुढच्या जवळजवळ पावणेदोनशे वर्षांत तेथे कोण चढले, कोण उतरले, स्टेशनाने गावाचे काय केले आणि गावाने स्टेशनाचे काय केले, या प्रश्नांना हात घालण्याची तसदी फारसे कोणी घेत नाही. एका दुपारचे वर्णन करण्यात सगळी शाई खर्ची पडते आणि उरलेल्या काळाच्या वाट्याला कोरा कागद येतो.

आगगाडी आली तेव्हा ठाणे हे आडवळणाचे खेडे नव्हते. शिलाहार राजांच्या ताम्रपटांतून ‘श्रीस्थानक’ या नावाने मिरवलेली ही राजधानी; तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोने आपल्या प्रवासवृत्तांतात जिच्या व्यापाराची दखल घेतली अशी ही पेठ; पोर्तुगीजांनी जेथे गिरिजाघरे उभारली, किल्ल्याचे काम काढले आणि ते पुरते होते न होते तोच १७३७ साली मराठ्यांनी जे घेतले, ते हे ठाणे. १७७४ च्या डिसेंबरात ते इंग्रजांच्या हाती गेले, सालबाईच्या तहाने त्यांच्याकडेच कायम झाले, आणि पेशवाई बुडाल्यावर उत्तर कोकणच्या मुलखाचा कारभार येथील कलेक्टर कचेरीतून हाकला जाऊ लागला. किल्ल्याचा तुरुंग झाला. पेशव्यांचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे यांना इंग्रजांनी याच किल्ल्यात डांबून ठेवले होते आणि १८१६ साली ते येथूनच निसटले, ही हकीकत ठाणेकर अजून चवीने सांगतात. तात्पर्य, कचेरी, न्यायासन, तुरुंग, दप्तरखाना, त्यांच्या आसऱ्याने राहणारे वकील, कारकून आणि अर्जनवीस, मासुंद्याचा तलाव व त्याच्या काठचे कोपिनेश्वराचे देऊळ, अशी त्या गावाची घडण होती.

मात्र त्या गावाचे तोंड खाडीकडे होते. साष्टी बेटाच्या पूर्व कडेला वसलेल्या ठाण्याला पलीकडच्या कळव्यापासून आणि एकंदर मुख्य भूमीपासून विलग करणारी ही खाडी दक्षिणेस मुंबईच्या बंदराला जाऊन मिळते आणि उत्तरेस उल्हास नदीच्या मुखाशी जोडलेली असल्यामुळे कल्याण-भिवंडीचा माल पाण्यावरून येथवर येई. मचवे, पडाव आणि गलबते यांवर ठाण्याचा व्यवहार चाले. भरती-ओहोटीच्या वेळा पाहून माणसे प्रवासास निघत. रेल्वेने सर्वांत आधी काही बदलले असेल तर गावाची ही दिशा.

आणि ती बदलण्यामागे ठाण्याच्या कल्याणाची चिंता कोणालाही नव्हती, हे स्पष्टपणे सांगून टाकावे. रेल्वे आली ती कापसासाठी. वऱ्हाड-खानदेशातला आणि दख्खनच्या पठारावरचा कापूस बैलांच्या पाठीवर लादून किंवा गाड्यांत भरून घाट उतरे, खाडीकाठच्या बंदरांत येऊन होड्यांत चढे आणि मग मुंबईस पोहोचे. या सगळ्या उठाठेवीत धुळीने त्याचा रंग जाई, अवकाळी पावसाने तो भिजे, आणि वाटेत किती महिने मोडतील याचा भरवसा नसे. १८४६ साली अमेरिकेतील कापसाचे पीक घसरले, तेव्हा लँकेशायरच्या गिरणीवाल्यांना हिंदुस्थानातील या दुरवस्थेची अकस्मात् कळकळ वाटू लागली. त्याच्या आधी तीन वर्षे, १८४३ साली, मुंबई सरकारचे इंजिनिअर जॉर्ज क्लार्क हे भांडुपास गेले असता मुंबई, कुर्ला, ठाणे, कल्याण आणि पुढे थळ व बोर घाट अशा लोहमार्गाची कल्पना त्यांच्या मनात उद्भवली होती, असे रेल्वेच्या जुन्या हकीकतींत नमूद आहे. कल्पनेला भांडवलाचे बळ लागते. ते उभे करण्याच्या खटपटीत मुंबईच्या ज्या प्रतिष्ठित गृहस्थांनी पुढाकार घेतला, त्यांत ठाणे जिल्ह्यातल्याच मुरबाडी जन्मलेले जगन्नाथ शंकरशेट ऊर्फ नाना आणि सर जमशेटजी जिजीभाई ही दोन नावे अग्रभागी होती.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे ही कंपनी १ ऑगस्ट १८४९ रोजी ब्रिटिश पार्लमेंटच्या कायद्याने स्थापन झाली आणि त्याच महिन्याच्या १७ तारखेस तिचा ईस्ट इंडिया कंपनीशी करार झाला. तो करार वाचताना व्यापारी बुद्धीचे कौतुक वाटावे की विषाद, हे ठरवणे कठीण जाते. पाच लक्ष पौंडांच्या भांडवलावर सरकारने पाच टक्के व्याजाची हमी दिली, जमीन फुकट दिली, आणि मार्गाला ‘प्रायोगिक’ असे नाव दिले. प्रयोग फसला तर तोटा रयतेच्या खजिन्यातून भरून निघायचा आणि साधला तर भागीदारांचे दोन्ही हात तुपात. तरीही, नफ्याच्या हिशेबाने आखलेल्या या कामात बुद्धी आणि श्रम यांचा जो व्यय झाला तो असामान्य होता, हे नाकारता येत नाही. रॉबर्ट स्टीफन्सन हे कंपनीचे सल्लागार, तर प्रत्यक्ष काम पाहण्यासाठी जेम्स बर्कली हे मुख्य इंजिनिअर म्हणून १८५० च्या आरंभी मुंबईस दाखल झाले. ३१ ऑक्टोबर १८५० रोजी शिवेजवळ पहिली कुदळ पडली. फेव्हिएल आणि फाउलर या इंग्रज कंत्राटदारांनी मक्ता घेतला. शीव आणि कुर्ला यांमधील दलदलीत भराव घालून मुंबई बेट साष्टीशी जोडणे, ठिकठिकाणचे ओढे-नाले मोऱ्यांनी पार करणे आणि पावसाळ्याच्या माऱ्यात हे सर्व टिकवून धरणे, ही कामे ज्या हजारो मजुरांनी डोक्यावर पाट्या वाहून केली, त्यांतील एकाचेही नाव कोणत्या शिलेवर कोरलेले नाही. १८५२ च्या फेब्रुवारीत ‘फॉकलंड’ नावाचे इंजिन मुंबईत रुळांवर धावताना दिसले आणि लोकांची झुंबड उडाली. त्याच वर्षी १८ नोव्हेंबरला कंपनीचे संचालक आणि त्यांचे स्नेही गाडीत बसून मुंबईहून ठाण्यास जाऊनही आले. म्हणजे ज्या प्रवासाचा आपण वर्धापनदिन साजरा करतो, त्याच्या पाच महिने आधीच ठाण्याच्या रुळांनी प्रवासी पाहिले होते!

त्या सुप्रसिद्ध दुपारविषयी थोडे बोलणे क्रमप्राप्तच आहे. शनिवार होता, मुंबईत सार्वजनिक सुटी जाहीर झाली होती. साडेतीनच्या सुमारास चौदा डब्यांची गाडी सुमारे चारशे निमंत्रितांना घेऊन बोरीबंदरहून सुटली. ‘साहेब’, ‘सिंध’ आणि ‘सुलतान’ अशी तीन इंजिने तिला ओढीत होती. गव्हर्नर लॉर्ड फॉकलंड मात्र त्या वेळी मुंबईत नव्हते. ते आदल्याच दिवशी महाबळेश्वरच्या थंड हवेकडे निघून गेले होते. त्यांचा वाद्यवृंद तेवढा समारंभास हजर होता. ज्यांच्या नावाचे इंजिन वर्षभर आधी रुळांवर धावले, त्यांनी या ऐतिहासिक प्रसंगाकडे पाठ फिरवावी यामागे राजकारण होते की केवळ एप्रिलचा उकाडा, याचा निकाल वाचकांनी आपापल्या स्वभावानुसार लावावा. शिवेस इंजिनांनी पाणी घेतले आणि तासाभराच्या आसपास गाडी ठाण्यास पोहोचली. तेथे तंबू ठोकून मेजवानीची तजवीज केलेली होती. भाषणे झाली, प्याले उंचावले गेले, आणि संध्याकाळी मंडळी माघारी फिरली. दोनच दिवसांनी सर जमशेटजींनी एक संपूर्ण गाडी आपल्या कुटुंबासाठी राखून घेतली आणि ठाण्यापर्यंत सहल करून ते परतले. मला स्वतःला शनिवारच्या सरकारी थाटापेक्षा सोमवारची ही सहल अधिक अर्थपूर्ण वाटते. कारण या मुलखातल्या एका गृहस्थाने पदरचे पैसे मोजून, मुलाबाळांना बरोबर घेऊन, केवळ हौसेखातर ठाण्याचे तिकीट काढले.

येथे एक खुलासा करणे इष्ट. ही देशातील पहिली आगगाडी, असे आपण सर्रास म्हणतो. परंतु मद्रासजवळ रेड हिल्स येथे दगड वाहण्यासाठी १८३७ च्या सुमारास रूळ घातले गेले होते आणि रुडकीजवळ सोलानी नदीवरील कालव्याच्या बांधकामावर १८५१ साली वाफेचे इंजिन माती वाहत होते. ठाण्याचा मान आहे तो प्रवाशांच्या पहिल्या सार्वजनिक गाडीचा. तो पुरेसा मोठा आहे. त्यात भेसळ करून तो वाढवण्याची गरज नाही. ठाण्याच्या समारंभानंतर चारच दिवसांनी, २० एप्रिलला, लॉर्ड डलहौसीने साऱ्या हिंदुस्थानात लोहमार्गांचे जाळे विणण्यासंबंधीचा आपले प्रसिद्ध टिपण (मिनिट) लिहिले. त्यात व्यापाराइतकीच फौजांच्या हालचालींची निकड मांडलेली होती, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

ठाण्याला लोहमार्गाच्या अंतिम स्थानकाचा मान जेमतेम एक वर्ष आणि एक पंधरवडा लाभला. खाडीवर पूल उभा राहिला, पारसिकच्या डोंगराला वळसा घालून मुंब्र्याच्या बाजूने बोगदे खणले गेले, आणि १ मे १८५४ रोजी गाडी कल्याणला गेली. करारातला ‘प्रायोगिक’ टप्पा तेथे संपत होता. ठाणे ही वाटेतली चौकी ठरली. पुढे १८६३ साली बोर घाट आणि १८६५ साली थळ घाट सर झाला, मार्ग एकीकडे पुण्याकडे व दुसरीकडे भुसावळ-नागपुराकडे गेला, आणि ज्या कापसासाठी हा सारा खटाटोप होता तो ठाण्याच्या डोळ्यांदेखत, ठाण्यास न थांबता, मुंबईच्या गोद्यांकडे धावू लागला.

खाडीच्या व्यवहाराचे काय झाले असेल, हे निराळे सांगावयास नको. जो माल पूर्वी भरतीची वाट पाहत बंदरात पडून राही, तो आता वाघिणींतून परस्पर जाऊ लागल्यावर गलबतांना काम उरले ते रेती, विटा, गवत, सरपण अशा जिनसांचे. बंदराच्या वाटेची वर्दळ ओसरली. स्टेशनाकडे जाणाऱ्या वाटेवर दुकाने वाढू लागली. १८६३ साली ठाण्यास नगरपालिका आली, १८६६ मध्ये ‘अरुणोदय’ हे वृत्तपत्र येथून निघू लागले, आणि १ जून १८९३ रोजी मराठी ग्रंथसंग्रहालयाची स्थापना झाली. या तिन्ही गोष्टींचे श्रेय आगगाडीला देणे हा अतिरेक होईल, कारण जिल्ह्याच्या ठिकाणी लिहिता-वाचता वर्ग आधीपासूनच होता. परंतु सकाळी छापलेला मजकूर त्याच दिवशी मुंबईत आणि मुंबईचा मजकूर त्याच दिवशी ठाण्यात वाचला जाण्याची सोय ज्या गावाला लाभली, त्या गावाच्या बुद्धीला इतर कसब्यांपेक्षा निराळा वेग आला असणार, एवढे अनुमान निर्धास्तपणे करता येते. कचेरीत कामे घेऊन येणारे पक्षकार, मुंबईच्या हायकोर्टात खेपा घालणारे वकील, बदलीवर येणारे-जाणारे मामलेदार आणि तुरुंगाकडे बंदोबस्तात नेले जाणारे कैदी यांचीच प्रारंभी स्टेशनात गजबज असे. १९१० च्या एप्रिलात, १९ तारखेस, नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांच्या वधाच्या खटल्यातील अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना याच ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिले गेले. आपल्या वर्धापनदिनानंतर तिसऱ्याच दिवशी ज्याची तारीख येते तो हा प्रसंग स्टेशनापासून चालत जाण्याजोग्या अंतरावर घडला आहे, याची आठवण उत्सव करणाऱ्यांना क्वचितच होते.

आता घड्याळाविषयी थोडे विस्ताराने लिहावेसे वाटते, कारण रेल्वेने लोकांच्या जीवनात जो सर्वांत खोल शिरकाव केला तो रुळांनी नव्हे, काट्यांनी केला. पूर्वी प्रत्येक गावाची वेळ त्या गावाच्या सूर्याची असे. रेल्वेला हा सूर्यागणिक बदलणारा हिशेब परवडणारा नव्हता. म्हणून देशभरच्या रेल्वेमार्गांवर मद्रासची वेळ प्रमाण धरण्यात आली. मद्रासची वेळ मुंबईच्या वेळेपेक्षा सुमारे अर्ध्या तासाने पुढे. परिणामी, गावातले घड्याळ आणि स्टेशनातले घड्याळ यांत अर्ध्या तासाचे अंतर पडले. जो गृहस्थ गावच्या घड्याळावर विसंबून घरातून निघे त्याला गाडीचा धूर तेवढा दिसे. १८८१ साली गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांनी मद्रासची वेळ मुंबई शहरावरही लादण्याचा हुकूम काढला, तेव्हा लोकांनी तो मानला नाही आणि दोनेक वर्षांत सरकारला माघार घ्यावी लागली. विसाव्या शतकाच्या आरंभी रेल्वेने सध्याची प्रमाणवेळ स्वीकारली, तरी मुंबई महापालिकेची घड्याळे तिच्याहून एकोणचाळीस मिनिटे मागे राहणारी ‘मुंबई वेळ’ १९५५ पर्यंत दाखवीत होती. विद्युद्दीप, नभोवाणी आणि स्वराज्य या तिन्ही गोष्टी आल्या तरी ही एकोणचाळीस मिनिटे शहराने सोडली नव्हती! मात्र लोकलने नोकरीस जाणाऱ्या माणसाला या अभिमानाचा उपयोग नव्हता. त्याने स्टेशनाचे घड्याळ मुकाट्याने मनगटावर बांधले. आणि आज ठाणेकर ‘आठ-बारा’, ‘नऊ-सात’ असे म्हणतो तेव्हा तो वेळ सांगत नसतो, गाडीचे नाव सांगत असतो.

वर्गभेदाचा इतिहासही असाच बोलका आहे. तिसऱ्या वर्गाचे भाडे मैलाला तीन पै, म्हणजे बोरीबंदर ते ठाणे पाच आणे तीन पै होते, आणि पहिल्या दिवसापासून कंपनीच्या पेटीत भर पडली ती याच वर्गाच्या पैशाने. आरंभी इंग्रज अंमलदारांत असा तर्क लढवला जाई की जातिभेद मानणारे हिंदू लोक एका डब्यात परक्या माणसाच्या मांडीला मांडी लावून बसणार नाहीत. लोक बसले. सोवळ्या-ओवळ्याचा विचार करणाऱ्यांनी घरी जाऊन स्नान केले असेल, पण गाडी सोडली नाही. बैलांवाचून धावणाऱ्या या गाडीवर आणि ती हाकणाऱ्या साहेबाच्या अकलेवर गाणी रचली गेली, तिला म्हसोबाच्या पंक्तीस बसवून तिची भीतीही बाळगली गेली. तथापि भीती आणि सोय यांच्या झगड्यात सोयीनेच बाजी मारली. १९७४ साली तिसरा वर्ग नावापुरता नाहीसा झाला. लोक तेच राहिले, फक्त ते दुसऱ्या वर्गाचे प्रवासी म्हणून ओळखले जाऊ लागले.

मुंबईचे उपनगर म्हणून ठाण्याचा जो जन्म झाला, तो या सर्वांच्या पुष्कळ नंतरचा. १८९६ च्या प्लेगने मुंबईकरांना पहिल्यांदा मोठ्या संख्येने बेटाबाहेर पिटाळले; मोकळ्या हवेत राहून कामापुरते शहरात यावे ही वहिवाट त्या भीतीतून बळावली. परंतु वाफेच्या गाड्यांनी ही वहिवाट मर्यादितच राहिली असती. विजेने ती सार्वत्रिक केली. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते बोरीबंदर ते कुर्ला या हार्बर मार्गावर देशातील पहिली विजेची गाडी सुरू झाली, त्याच वर्षी जी.आय.पी. रेल्वे सरकारच्या ताब्यात आली, आणि पुढच्या थोड्याच वर्षांत विजेच्या तारा ठाण्यावरून कल्याणापर्यंत व तेथून दोन्ही घाटांपलीकडे गेल्या. या गाड्यांना लागणारी वीज निर्माण करण्यासाठी ठाकुर्लीस रेल्वेने जे केंद्र उभारले, ते चोळा पॉवर हाऊस या नावाने सर्वपरिचित होते. १९८० नंतरच्या दशकात ते बंद पडले. वाफेच्या इंजिनाला वेग घ्यायला वेळ लागतो, थांबायला वेळ लागतो आणि टोकाशी पोहोचल्यावर तोंड फिरवायलाही वेळ लागतो. विजेची लोकल या तिन्ही वेळा वाचवते, म्हणून त्याच रुळांवरून कितीतरी अधिक फेऱ्या काढता येतात. पारसिकच्या डोंगराला वळसा घालण्याऐवजी तो पोखरून काढलेला सव्वा किलोमीटरहून लांब बोगदा १९१६ पासून वापरात होताच. या सुधारणांनी ठाण्याहून फोर्टातल्या पेढीवर रोज जाऊन संध्याकाळी जेवायला घरी येणे ही सामान्य कारकुनाच्या आवाक्यातील गोष्ट झाली. आणि ज्या गावात पूर्वी बाहेरचे लोक कचेरीच्या कामाला येत, त्या गावातील लोक बाहेरच्या कचेऱ्यांत कामाला जाऊ लागले. ठाण्याच्या इतिहासातील खरी क्रांती ती हीच.

पुढचे स्थित्यंतर तर आपल्या आई-वडिलांच्या देखत झाले. फाळणीनंतर सिंधमधून आलेली निर्वासित कुटुंबे पूर्वेच्या कोपरीत स्थिरावली. ५ नोव्हेंबर १९५१ रोजी जी.आय.पी. हे नाव मावळून मध्य रेल्वे अस्तित्वात आली. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि वागळे इस्टेटीत कारखान्यांचे भोंगे वाजू लागले. सकाळच्या वेळी मुंबईकडे तोंड करून उभ्या असलेल्या गर्दीला छेदून, मुंबईकडून येऊन येथे उतरणारी कामगारांची दुसरी गर्दी त्या काळात प्रथम दिसली. १ ऑक्टोबर १९८२ रोजी महानगरपालिका झाली. २००४ साली ठाण्याहून ऐरोली, तुर्भे मार्गे नवी मुंबईकडे जाणारा ट्रान्स-हार्बर मार्ग सुरू झाला, आणि दीडशे वर्षांपूर्वी एका वर्षासाठीच लाभलेले उगमस्थानाचे पद ठाण्याला नव्या दिशेने पुन्हा प्राप्त झाले. फलाटांची संख्या दहावर गेली.

दहा फलाटांच्या या स्टेशनात रोज लाखो माणसे ये-जा करतात आणि त्यांनी स्वतःचे असे रीतिरिवाज निर्माण केले आहेत, ज्यांची नोंद कोणत्याही गॅझेटिअरमध्ये सापडणार नाही. येथूनच सुटणाऱ्या ठाणे लोकलवर ठाणेकराचा विशेष लोभ, कारण तीत बसायला मिळण्याची शक्यता असते. कर्जत-कसाऱ्याहून भरून येणाऱ्या जलद गाडीत शिरू पाहणाऱ्या ठाणेकराकडे दूरचे प्रवासी ज्या नजरेने बघतात, ती नजर सहन करायला सरावच लागतो. तीन माणसांच्या बाकावर चौथ्याने टेकायचे आणि बाकीच्यांनी नापसंतीने का होईना सरकायचे, हा अलिखित कायदा. एकाच गाडीच्या एकाच डब्यात, एकाच दाराशी वर्षानुवर्षे भेटणारी मंडळी एकमेकांच्या घरचे लग्न-बारसे जाणतात, टाळ घेऊन भजने म्हणतात, बायकांच्या डब्यात संक्रांतीचे हळदीकुंकू होते, दसऱ्याच्या सुमारास डब्याला तोरणे बांधून नारळ फोडला जातो. शस्त्रे पुजण्याच्या सणाला लोकलचा डबा पुजावा, यात भाबडेपणा आहे असे समजणाऱ्यांनी एकदा सकाळी नऊच्या सुमारास ठाण्यास गाडीत चढून पाहावे.

ही गर्दी कौतुकाचा विषय नव्हे, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. फाटक्या देहाची माणसे दाराच्या दांड्याला लोंबकळत जातात आणि त्यांतील काही घरी परतत नाहीत. यावर उपाय म्हणून जे केले गेले ते नेहमी गरजेच्या मागून आले आहे. पश्चिमेस बस व रिक्षांसाठी उन्नत मार्ग झाला, २०२२ च्या फेब्रुवारीत ठाणे-दिवा दरम्यान पाचवी-सहावी मार्गिका सुरू झाली, आणि २०२४ च्या मे महिन्याच्या अखेरीस पाचव्या क्रमांकाचा फलाट रुंद करण्यासाठी मध्य रेल्वेने त्रेसष्ट तासांचा ब्लॉक घेतला. काही फुटांच्या रुंदीसाठी एवढ्या मोठ्या शहराचा दिनक्रम तीन दिवस विस्कळीत करावा लागला, यावरून हे स्टेशन चारही बाजूंनी कसे आवळले गेले आहे याची कल्पना यावी. मनोरुग्णालयाच्या जागेवर, ठाणे आणि मुलुंड यांच्यामध्ये, नव्या स्टेशनाची उभारणी हाती घेतलेली आहे. ते पूर्ण झाल्यावर जुन्या ठाण्याचा भार किती हलका होतो ते दिसेलच.

भायखळा स्टेशनची जुनी दगडी इमारत नागरिकांच्या आणि रेल्वेच्या प्रयत्नाने मूळ स्वरूपात आणली गेली आणि २०२२ साली तिला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कार मिळाला. ठाण्याला तशी मिरवण्याजोगी जुनी वास्तू नाही. येथला इतिहास दगडात राहिला नाही, तो माणसांच्या जवळ राहिला आहे, आणि माणसे दगडांपेक्षा लवकर जातात. म्हणून ठाणेकर वाचकांना एक विनंती करतो. आजोबांच्या पेटीत एखादा जी.आय.पी.चा पास, जुने वेळापत्रक, रेल्वेच्या नोकरीचे नेमणूकपत्र, स्टेशनाच्या आवारातला एखादा छायाचित्राचा कागद सापडला तर तो रद्दीत घालू नका. घरात कोणी वाफेच्या गाडीने किंवा तिसऱ्या वर्गाने नोकरीस गेलेले वयोवृद्ध असतील तर त्यांच्याकडून चार पाने लिहवून घ्या, आणि हे सर्व गावातल्या ग्रंथसंग्रहालयाच्या स्वाधीन करा. १६ एप्रिलच्या दुपारचे वर्णन पुरेसे झाले आहे. १७ एप्रिलपासूनचे आता आपणच लिहायचे आहे.